कोपऱ्यातला डाग

मी तेव्हा चौथीत. अख्ख्या दुर्भाटच्या वाड्यावर
शाई न सांडता लिहिणारी मी एकटी,
म्हणून प्रेमावतीकाकी माझ्याकडे यायची.
हाताला सुंगटांचा वास, कमरेवर पोर,
पदराच्या गाठीत निळं अंतर्देशीय.

ती कोंकणीत सांगायची, मी शाळेच्या मराठीत लिहायचे.
‘मानशीचें दार रडटा,’ ती म्हणायची.
मी लिहायचे: बांधाचा दरवाजा नादुरुस्त आहे.
‘रातची न्हीद पडना,’ ती म्हणायची.
मी लिहायचे: येथील सर्व क्षेमकुशल.
बाईंनी फळ्यावर तसंच शिकवलं होतं,
क्षेमकुशल आधी, मग बाकीचं.
बाकीच्याला जागा उरायची नाही.

पत्ता म्हणजे एक आकडा, ५६ एपीओ.
मी नकाशात शोधला.
भूगोलाच्या पुस्तकात आकड्यांची गावं नव्हती.

सगुणकाकाचं उत्तर यायचं बारा-बारा दिवसांनी,
गावाच्या नावावर कुणीतरी काळी शाई फिरवलेली.
मी ठणठणीत वाचायचे: थंडी फार आहे.
बांधावरची कुर्ल्यांची बिळं बुजवून घे.
पोराला दात आले का.
पोर तो गेल्यावर जन्मलेलं.
दातांखेरीज काय विचारणार?

काकीचं लक्ष माझ्या वाचण्याकडे नसायचं.
कागद मागून घ्यायची, खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवायची,
पेरांवर काही मोजायची, आणि उठायची.
तिथे पेन्सिलीचा डाग असायचा,
कधी नखाएवढा, कधी अर्ध्या करवंटीसारखा.
मला वाटायचं, टपालखात्याची खूण.

चंद्र होता तो.
हे मला कळायला फार वर्षं गेली.
जिथं ओंजळभर पाणी दिसत नव्हतं
तिथं बसून तो आमच्या जुवारीची भरती मोजत होता,
काकी कितव्या प्रहरी कंदील घेऊन मानशीवर जाईल,
फळी उचलेल, जाळं लावील.
गावाचं नाव पुसणाऱ्याने चंद्र तसाच जाऊ दिला होता.
आणि ती इकडे मोजायची:
अष्टमीच्या भांगापर्यंत तो होता.
पत्र तेवढंच सांगू शकतं.
पुढच्या तेवीस-चोवीस भरत्यांचं
कुणीच काही सांगत नव्हतं.

लढाई सुरू झाली पुनवेच्या दुसऱ्या दिवशी.
रेडिओ एकच, धक्क्यावरच्या दुकानात.
दिवे झाका असा हुकूम आला तेव्हा
काकीनं कंदिलासाठी माझ्या वहीचं कव्हर मागून नेलं.
चंद्र रोज थोडा थोडा कमी.
पोस्टमन लांबूनच हात हलवायचा, नाही म्हणून.
अवसेच्या आदल्या रात्री दुकानात साखर वाटली.

मग पत्र आलं.
देखणं अक्षर, एकही खाडाखोड नाही.
मी क्षेमकुशल आहे. काळजी नसावी.
मी अभिमानानं वाचलं. असंच तर लिहायचं असतं.
काकीनं कागद उलटा केला, सुलटा केला,
दारात जाऊन उजेडावर धरला.
कोपरा कोरा.

‘हें ताणें बरोवंक ना.’

अगं, खाली नाव त्याचंच आहे, मी म्हटलं.
ती माझ्याकडे बघत राहिली,
माझ्या शाईच्या बोटांकडे.
तिकडेही कुणाला तरी
बाईंनी तसंच शिकवलं असणार.

त्याच्या उजव्या हाताचं काय झालं
ते गावाला शिगम्यात कळलं, तो उतरला तेव्हा.
तिला त्याच संध्याकाळी.

उत्तर लिहायला बसलो.
माझं क्षेमकुशल लिहून झालं होतं.
‘दी हांगा,’ म्हणत तिनं पेन घेतलं,
कोयता धरावा तसं, मुठीत,
आणि जीभ दातांत धरून कोपऱ्यात गिरवू लागली.
टोक रुतलं. कागदाला भोक पडलं.
मी रडकुंडीला येऊन दुसरं अंतर्देशीय शोधायला उठले.

‘आसूं दी,’ ती म्हणाली,
‘आयज पुनव.’